एक ओळ वर, एक ओळ खाली

दिवाळी अंकाची अनुक्रमणिका संगणकावर लागत असते. बावीस ओळी, प्रत्येक ओळीत एक लेख आणि त्याचा लेखक. सातव्या क्रमांकावरची कथा तिसऱ्यावर घ्यायचं ठरतं. मग माउस हातात येतो. ओळ निवडायची, कापायची, वर जाऊन जागा शोधायची, एन्टर मारून फट पाडायची, तिथे चिकटवायची आणि खाली उरलेली रिकामी जागा पुसायची. हेच काम बाणाची कळ चार वेळा दाबून होतं. वर्डमध्ये त्या ओळीत कर्सर ठेवून ऑल्ट आणि शिफ्ट धरायचं आणि वरचा बाण दाबायचा. प्रत्येक दाबाला ओळ एक पायरी चढते.

वेळ वाचतो तो वाचतोच. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे क्लिपबोर्डला धक्का लागत नाही. आधी कॉपी करून ठेवलेला मजकूर जिथल्या तिथे राहतो. कापलेली ओळ चिकटवायच्या आधीच दुसरं काही कॉपी झालं आणि ओळ हरवली, हा अनुभव संगणकावर लिहिणाऱ्या कितीतरी जणांना आला असेल.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांना तर ही सोय दिवसभर लागते, कारण तिथे ओळींचा क्रम म्हणजेच कामाचा क्रम. कल्पनाही जुनी आहे. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन यांनी युनिक्ससाठी लिहिलेल्या ‘ईडी’ या एडिटरच्या आज्ञांत ‘५एम२’ अशा थाटाची एक आज्ञा आहे: पाचवी ओळ उचल आणि दुसरीच्या खाली ठेव. पुढे १९७६ मध्ये बर्कलीला बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ लिहिला तो एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर. त्याच्या कीबोर्डवर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल या अक्षरांवरच बाण छापलेले होते. म्हणून व्हीआयमध्ये आणि त्याच्या आजच्या वारसात, म्हणजे व्हिममध्ये, खाली जायला ‘जे’ आणि वर जायला ‘के’. टर्मिनल इतिहासजमा झालं, बोटांची सवय मात्र टिकली.

आणि सवयीचाच खरा प्रश्न आहे. आजच्या एडिटरांपैकी व्हीएस कोडमध्ये ओळ सरकवायला ऑल्ट आणि बाण. सब्लाइम टेक्स्ट आणि नोटपॅड प्लस प्लसमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि बाण. इंटेलिजेमध्ये ऑल्ट, शिफ्ट आणि बाण. पण व्हीएस कोडमध्ये विंडोजवर नेमकं हेच दाबलं तर ओळ हलत नाही, तिची नक्कल तयार होते. एका एडिटरमधून दुसऱ्यात गेलेला माणूस पहिले काही दिवस अडखळतो तो यामुळे. त्याने आपली बोटं नव्याने वळवत बसण्याचं काही कारण नाही. एडिटरच्या कळा बदलता येतात, आणि त्या जरूर बदलाव्यात.

व्हीएस कोडमध्ये कंट्रोल धरून आधी ‘के’ आणि मग ‘एस’ दाबलं की सगळ्या शॉर्टकटची यादी उघडते. वरच्या शोधचौकटीत ‘मूव्ह लाइन’ असं इंग्रजीत टाइप केलं की हव्या त्या दोन आज्ञा समोर येतात. एकीवर डबल क्लिक करायचं, पसंतीच्या कळा प्रत्यक्ष दाबून दाखवायच्या, एन्टर मारायचा. त्याच कळा आधी दुसऱ्या कामाला दिलेल्या असतील, तर ती चौकट तिथल्या तिथे सांगते. ही सूचना घाईत ओलांडू नये. नोटपॅड प्लस प्लसमध्ये सेटिंग्जच्या मेनूत ‘शॉर्टकट मॅपर’ आहे. तोही अशी टक्कर दाखवतो. व्हिमची मंडळी आपल्या सेटिंगच्या फाइलमध्ये एकेक ओळ लिहून ऑल्ट-जे आणि ऑल्ट-के या जोड्या ओळ सरकवायला लावतात. एच-जे-के-एल बोटांत मुरलेल्याला याहून सोपं काय असणार!

एडिटरच्या बाहेरची टक्कर मात्र एडिटरला दिसत नाही. इंटेलच्या जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरने कंट्रोल, ऑल्ट आणि बाण या कळा स्क्रीन फिरवायला घेतल्या होत्या. ओळ खाली न्यायला म्हणून त्या दाबाव्यात आणि अख्खा पडदा उलटा व्हावा!

मराठीत लिहिणाऱ्याला याच जातीचा त्रास रोज होऊ शकतो. विंडोजवर मराठी आणि इंग्रजी असे दोन कीबोर्ड बसवले की डावीकडचं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबल्यावर भाषा बदलते. वर्डमध्ये ओळ, म्हणजे वर्डच्या हिशेबात परिच्छेद, सरकवायलाही याच दोन कळा. त्या धरल्या, पण बाणापर्यंत बोट पोचायच्या आत सुटल्या, की परिच्छेद जागचा हलत नाही आणि पुढचा शब्द रोमन अक्षरांत उमटतो. लिहिणाऱ्याला वाटतं, कीबोर्डच बिघडला. उपाय विंडोजच्या सेटिंगमध्येच आहे. टायपिंगच्या प्रगत सेटिंगमध्ये भाषा बदलण्याच्या हॉट-कीज दिसतात. तिथे ऑल्ट-शिफ्टची नेमणूक काढून टाकायची. भाषा बदलायला विंडोजची कळ आणि स्पेसबार ही जोडी असतेच. मग ऑल्ट-शिफ्ट फक्त बाणांच्या कामाला उरतात, आणि कथा सातव्यावरून तिसऱ्यावर नेल्यावर पुढचं शीर्षक मराठीतच उमटतं.