चोचीचा मार

मार्लिनची लांबी मोजताना टेप चोचीच्या टोकाला लावत नाहीत. खालच्या जबड्याच्या टोकापासून सुरुवात करायची आणि शेपटीच्या मधल्या खाचेपाशी थांबायचं, अशी मत्स्यशास्त्रज्ञांची रीत आहे. ज्या अवयवामुळे हा मासा जगभर ओळखला जातो, तोच मोजमापातून वगळलेला असतो. त्याचं कारण व्यवहारी आहे. चोचीचा भरवसा धरता येत नाही. एखाद्याची लांब, एखाद्याची आखूड, एखाद्याची समुद्रातच निम्मी तुटून बोथट झालेली, आणि धक्क्याला लागेपर्यंत खलाशांनी उडवलेली तर कित्येकांची. हिंदी महासागरातल्या कुपा आणि मार्लिनच्या मासेमारीचे नियम ठरवणाऱ्या, सेशेल्समध्ये मुख्यालय असलेल्या आयोगाचा भारतही सदस्य आहे. या आयोगाने २०१८ साली ६० सेंटिमीटरपेक्षा लहान मार्लिन आणि त्यांचेच जातभाई सेलफिश बोटीवर ठेवू नयेत असा ठराव केला, तोही याच मापाने.

नवी मुंबईत राहणाऱ्याला हा मासा जिवंत दिसण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. वाशीच्या पुलाखालचं पाणी गढूळ आणि उथळ, चिखलातल्या जिवांचं. दिवाळे गावच्या होड्या त्या खाडीत बोय, कोळंबी, खेकडे शोधतात. मार्लिनला हवं असतं उघडं, स्वच्छ, निळं पाणी, आणि मुंबईसमोरची समुद्राची उथळ पायरी तर सुमारे तीनशे किलोमीटर आत गेलेली. त्यापलीकडे तळ झपाट्याने खोल होतो. काळा मार्लिन आणि सेलफिश हे त्यातल्या त्यात किनाऱ्याकडे सरकणारे. तरीही उरणच्या करंजापासून भाऊच्या धक्क्यापर्यंत आणि ससून डॉकपर्यंत हे मासे येतात ते दिवसच्या दिवस बाहेर राहणाऱ्या बोटींच्या बर्फातून. तोवर रंग गेलेला असतो. जिवंतपणी पाठीवर चमकणारा निळा, अंगावरचे फिकट पट्टे, सगळं विझून वर काळपट, खाली मळकट रुपेरी असा नग समोर पडतो. शिडासारखा पर पाठीच्या खाचेत मिटून गेलेला, आणि डोळा मात्र अजून भलामोठा.

चोच शाबूत असेल तर ती हातात धरून पाहण्यासारखी असते. ती दात नव्हे, शिंगही नव्हे. वरच्या जबड्याची हाडंच पुढे वाढून झालेली ती काठी. तलवार मासा, म्हणजे स्वोर्डफिश, याची चोच चपटी आणि कडेला धारदार. मार्लिन आणि सेलफिशची मात्र गोलसर. खालच्या अंगाला आणि बाजूंना बोट फिरवलं की कानशीवर फिरवल्यासारखं खरखरतं. अगदी बारीक दातांचं दाट आवरण असतं ते. एखाद्या छोट्या माशाच्या अंगावर ते नुसतं घासलं तरी खवले सोलून निघतात.

हाडाचाही एक चमत्कार आहे. आपल्या हाडात जिवंत पेशी बसलेल्या असतात. कुठे ताण पडला, कुठे बारीक तडा गेला याची खबर त्या देतात आणि डागडुजी सुरू होते, असं शास्त्र सांगतं. मार्लिनच्या हाडात या पेशी नसतातच. तरीही इस्रायली आणि जर्मन संशोधकांच्या एका गटाने २०१४ मध्ये दाखवलं की चोचीच्या हाडाची दुरुस्ती सतत चालू असते. जुना भाग काढून नवा भरल्याच्या खुणा त्यात दाटीने दिसतात. जन्मभर आपटत राहणाऱ्या हत्याराला अशी दुरुस्ती लागणारच. पेशींवाचून ही खबर कोण देतं, हा हाडाच्या अभ्यासकांना पडलेला प्रश्न.

इतकं भक्कम हत्यार पाहिलं की माणसाच्या डोक्यात पहिली कल्पना येते ती भोसकण्याची. गोष्टींना तोटा नाही. इंग्लिश आरमाराचं ‘लेपर्ड’ हे जहाज १७२५ मध्ये डागडुजीला काढलं तेव्हा त्याच्या लाकडात खोल घुसून तुटलेली चोच सापडली. समुद्रात तरंगत राहिलेल्या रबराच्या गठ्ठ्यांत मार्लिनच्या चोची रुतलेल्या मिळाल्या आहेत. १९६७ साली अमेरिकेच्या ‘अल्विन’ या छोट्या पाणबुडीवर सहाशे मीटर खोलीवर एक तलवार मासा येऊन धडकला, चोच सांध्यात अडकून बसली, आणि पाणबुडी त्याच्यासकट वर आली. त्या माशाचं पुढे जेवण झालं. न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयातले ई. डब्ल्यू. गजर यांनी अशा हकिकती गोळा करून शंभरेक पानांचा प्रबंध लिहिला. तो १९४० मध्ये प्रसिद्ध झाला कलकत्त्यात, रॉयल एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगॉलच्या मालिकेत. शीर्षकातच त्यांनी या माशांच्या भांडखोरपणाला ‘कथित’ म्हटलं होतं, आणि ते योग्यच होतं. जहाजाशी मार्लिनचं काय वैर असणार? तरंगत्या वस्तूच्या सावलीत लहान मासे जमतात, त्यांच्यावर झडप घालताना नेम चुकला की समोर लाकूड येतं. भोसकलेलं भक्ष्य चोचीवरून काढून तोंडात टाकायला माशाकडे हात नसतो, एवढा विचार केला तरी भाल्याची कल्पना लंगडी पडते.

मग चोच करते काय? याचं उत्तर मिळायला पाण्याखाली चालणारे वेगवान कॅमेरे यावे लागले. मेक्सिकोतल्या कानकूनजवळच्या समुद्रात दर हिवाळ्यात सेलफिश तारलीच्या जातभाईंचे थवे घेरतात. पाओलो दोमेनिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे केलेलं चित्रण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं.

त्यात दिसतं ते अपेक्षेच्या अगदी उलट. सेलफिश तुटून पडत नाही. तो थव्याच्या मागून येतो, पाठीवरचं शीड उभारतो आणि चोच हलकेच थव्यात सारतो. आणि मासे बुजत नाहीत! एवढा मोठा शत्रू हातभर अंतरावर असताना त्याची चोच त्यांच्या अंगांमधून पुढे सरकते आणि ते आपले पोहत राहतात. चोच इतकी बारीक आहे की शत्रू म्हणून ती त्यांच्या हिशेबात येतच नसावी. मग एका क्षणात डोकं बाजूला झटकलं जातं. टोकाला मिळणारा तो झटका पाण्यातल्या पाठीच्या कण्याच्या प्राण्यांत मोजल्या गेलेल्या सर्वांत जोरदार झटक्यांपैकी एक आहे. एकाच फटक्यात दोन-तीन मासे लागतात, खवल्यांचा धुरळा उडतो. कधी फटका न मारता एकाच माशाला नुसती टिचकी मारायची, त्याचा तोल गेला की तोंडाने उचलायचा. उभारलेल्या शिडाचा उपयोगही इथेच कळतो. डोकं एकीकडे झटकताना धड उलट्या दिशेला फिरू नये म्हणून ते पाण्याला धरून राहतं.

चारातला जेमतेम एक हल्ला घास मिळवून देतो. पण रिकामा गेलेला हल्लाही वाया जात नाही, कारण जवळजवळ प्रत्येक हल्ल्यात काही मासे जखमी होतात. जखमी मासे थकतात, मागे पडतात, आणि पुढच्या सेलफिशचं काम सोपं होतं. म्हणूनच ते पाळीपाळीने येतात, एकदम झुंबड करत नाहीत. ‘सहकार’ हा शब्द मात्र इथे जरा जपूनच वापरावा. प्रत्येकाला आपल्या घासाची पडलेली असते आणि त्यातून सगळ्यांचं भागतं, इतकंच.

यातही डावखुरे-उजवे आहेत. राल्फ कुर्व्हर्स यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की एकेका सेलफिशला फटक्याची ठरावीक बाजू असते आणि त्या बाजूचे बारीक दात जास्त झिजलेले असतात. ज्याचा हात असा पक्का बसलेला, त्याला यशही जास्त. एकटा असता तर भक्ष्याने त्याची खोड ओळखली असती. पण आता डावखुरा, मग उजवा, असं कोण कधी येईल ते थव्याला कसं कळणार?

मार्लिनचं तंत्र याहून धसमुसळं. पॅसिफिकमध्ये बाहा कॅलिफोर्नियाजवळ पट्टेरी मार्लिनचं असंच चित्रण झालं आहे. तो चोचीची नाजूक कामं कमी करतो. थव्यात सरळ घुसून तोंडाने पकडण्याकडे त्याचा कल जास्त. पण त्याच्याकडे आणखी एक गोष्ट आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ड्रोनच्या चित्रणात हल्ल्याला निघालेल्या मार्लिनचे पट्टे एकाएकी उजळताना आणि हल्ला संपला की फिके पडताना दिसतात. बाकीच्यांना ‘माझी पाळी’ असं सांगणं असावं, किंवा भक्ष्याला गोंधळवणं. संशोधकांनी दोन्ही शक्यता मांडल्या आहेत. वर सांगितलेल्या धक्क्यावरच्या काळपट माशाच्या अंगावर हे होत होतं, यावर विश्वास बसायला जड जातं.

वेगाबद्दलही एक फुगा फोडायला हवा. सेलफिश तासाला शंभरावर किलोमीटर पोहतो असं शाळेच्या पुस्तकापासून सगळीकडे छापलेलं असतं. त्याचा उगम शंभर वर्षांपूर्वी फ्लोरिडात गळाला लागलेल्या माशाने रिळावरची दोरी किती झपाट्याने ओढली, या मोजणीत आहे. प्रत्यक्ष शिकारीच्या वेळी माशावर यंत्र बसवून मोजलं तेव्हा सर्वाधिक वेग तासाला ३० किलोमीटरच्या आसपास भरला. नवी मुंबईच्या पाम बीच मार्गावर दुचाकीने त्याला सहज मागे टाकता येईल. त्याची खरी ताकद धावण्यात नाही, डोक्याच्या झटक्यात आहे.

आता अरबी समुद्राकडे. इथे थव्याला घेरणाऱ्या झुंडींचं तसं चित्रण नाही. इथली माहिती पोट फाडून मिळालेली. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय मत्स्य सर्वेक्षण या केंद्रीय संस्थेची जहाजं कित्येक किलोमीटर लांब दोरीला शेकडो गळ लावून खोल समुद्रात सर्वेक्षण करतात. त्यात सापडलेल्या कुपा, सेलफिश, तलवार मासा अशा मोठ्या शिकाऱ्यांच्या जठरांचा अभ्यास सिजो वर्गीस, व्ही. एस. सोमवंशी आणि दळवी यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. पूर्व अरबी समुद्रातल्या या शिकाऱ्यांच्या पोटात वारंवार सापडणाऱ्यांत आघाडीवर होते जांभळ्या पाठीचा माकूल आणि उघड्या समुद्रात झुंडीने पोहणारा एक छोटा खेकडा. खेकड्याला चोचीचा फटका कशाला हवा? तो नुसता गिळला जात असणार. चोच मोडलेले मार्लिन धडधाकट, पोट भरलेले सापडतात, त्याचंही नवल मग वाटत नाही. चोच असली तर थव्यातून घास काढणं सोपं होतं. नसली म्हणून उपासमार ठरलेली नाही. जबड्याचा चावा या माशांचा कमजोरच असतो, घास सहसा अख्खा जातो.

चोचीपेक्षाही ज्यावाचून चालत नाही असा अवयव म्हणजे डोळा. डोळ्याच्या एका स्नायूचं या माशांनी शेगडीत रूपांतर केलं आहे. तो आकुंचन पावत नाही, उष्णता तयार करतो, आणि थंड खोल पाण्यातही डोळा आणि मेंदू उबदार राहतात. तलवार माशावरच्या प्रयोगांत दिसलं की उबदार डोळ्याला हलती वस्तू थंड डोळ्यापेक्षा कितीतरी पटींनी स्पष्ट टिपता येते. चोच किती नेमकी पडते याचं श्रेय अर्धं तरी इथे जातं.

माणसाला मात्र ही चोच खरंच भाला होऊ शकते. विशाखापट्टणमजवळच्या समुद्रात फेब्रुवारी २०२२ मध्ये काळ्या मार्लिनच्या चोचीने एक मच्छीमार दगावला. मासा इतका जड की वर येईना, म्हणून तो पाण्यात उतरला होता, असं बातम्यांत आलं. बोटीच्या कडेला आलेला मासा डोकं झटकतो ते तारलीला मारतो त्याच सवयीने. फरक इतकाच, की समोर माणसाचं पोट असतं.

आणि या माशांचा घात होतो तोही बऱ्याचदा चोचीनेच. आपल्या बाजूच्या समुद्रात मार्लिन आणि सेलफिश मोठ्या संख्येने मिळतात ते गिलनेटमध्ये. या जाळ्यात इतर मासे कल्ल्यांनी अडकतात. सेलफिशची मात्र आधी चोच जाळ्याच्या आसात, म्हणजे छिद्रात, शिरते, बारीक दात नायलॉनला धरतात, आणि सुटण्यासाठी मासा डोकं झटकतो. प्रत्येक झटक्याला जाळं आणखी गुंडाळलं जातं. बोटीवर आल्यावर खलाशी सगळ्यात आधी चोच तोडतात, कारण जाळं फाटलं तर नुकसान सुरमईपेक्षा महाग पडतं, आणि बर्फाच्या खणात ती काठी शेजारच्या माशांना भोकं पाडते. आयोगाच्या हिशेबाने हिंदी महासागरातला पट्टेरी मार्लिन झेपेल त्यापेक्षा जास्त पकडला गेला आहे. २०१८ च्या त्याच ठरावात त्याची वर्षाची मर्यादा ३,२६० टन ठरवली होती. सेलफिशची होती २५,००० टन.