चित्रपुस्तक कसे पारखावे?



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी या शाळेच्या शिशुवर्गात आपली हयात घालविली. मी त्यांच्या वर्गात बसलेलो आहे. त्या काळी आमच्या वाट्याला चित्रांची पुस्तके अशी नव्हतीच. बाई जुन्या दिनदर्शिकांवरची चित्रे कापून, पुठ्ठ्यावर खळीने चिकटवून वर्गात आणीत आणि एकेक पुठ्ठा वर धरून विचारीत, “काय चाललंय इथं?” पुढे चाळीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकविले, काव्याची समीक्षा केली, प्रबंध तपासले, परंतु वाङ्मयाच्या अभ्यासाचा पहिला प्रश्न मला बाईंनीच विचारला होता, हे ध्यानी यायला सत्तरी ओलांडावी लागली. ते कसे ध्यानी आले, ते सांगण्यासाठीच आजचा विषय निवडला आहे.

माझी एक चूक

बाईंच्या नावे माजी विद्यार्थ्यांनी जो निधी उभारला, त्याच्या व्याजातून दरवर्षी शिशुवर्गासाठी नवी पुस्तके घेतली जातात. काही वर्षांपूर्वी निवडीचे काम माझ्याकडे आले. मी हातात तांबडी पेन्सिल घेऊन बसलो. ऱ्हस्वदीर्घ तपासले, वाक्यरचना तपासली, कथेतून कोणता बोध निघतो ते पाहिले आणि त्यानुसार गुण दिले. एका पुस्तकात सारे मिळून तीसेक शब्द होते. किंमत मात्र इतरांएवढीच. “पैसे कशाचे द्यायचे? कोऱ्या पानांचे?” असे म्हणून मी ते बाजूला सारले. शिशुवर्गाच्या सध्याच्या शिक्षिकेने ते मुकाट्याने उचलले आणि पदरच्या पैशांनी विकत घेतले.

दिवाळीनंतर मी वर्गात गेलो. मी निवडलेली पुस्तके फडताळात ओळीने उभी होती. काहींची पाने अजून एकमेकांना चिकटलेली होती. नाकारलेल्या त्या पुस्तकाचे कोपरे झिजून गोल झाले होते, पाठ सुईदोऱ्याने दोनदा शिवली होती. चार-साडेचार वर्षांच्या एका मुलीने ते माझ्या मांडीवर ठेवले. मी तीस शब्द अर्ध्या मिनिटात वाचून संपविले. ती म्हणाली, “आजोबा, तुम्ही मांजर बघितलंच नाही.” खरेच, प्रत्येक पानावर कोठे ना कोठे एक मांजर होते. शब्दांत त्याचा उल्लेख नव्हता. त्या मांजराची एक स्वतंत्र गोष्ट चित्रांतून चालली होती आणि ती वर्गातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक होती. वाचता येत नव्हते ते एकट्या मला!

सचित्र पुस्तक आणि चित्रपुस्तक

माझ्या चुकीचे मूळ एका भेदाकडे दुर्लक्ष करण्यात होते. सचित्र पुस्तकात गोष्ट शब्दांत पूर्ण असते. चित्रे काढून घेतली तरी ती उभी राहते. चित्रपुस्तकात गोष्ट शब्द आणि चित्र यांच्यामध्ये वाटलेली असते. दोहोंपैकी एक झाकले की दुसरे अपुरे पडते. पॅट हचिन्स या इंग्रज चित्रकर्तीचे ‘रोझीज वॉक’ हे १९६८चे पुस्तक याचा उत्तम दाखला होय. त्यातील सारा मजकूर म्हणजे एकच लांबलचक वाक्य आहे. एक कोंबडी फेरफटका मारून जेवणाच्या वेळेला घरी परतते, इतकेच ते वाक्य सांगते. तिच्या मागे लागलेला कोल्हा केवळ चित्रांत आहे. शब्दांना ठाऊक नाही, कोंबडीलाही ठाऊक नाही, आणि ऐकणाऱ्या मुलाला मात्र सारे ठाऊक आहे! नाट्यशास्त्र शिकविताना ज्या प्रकारच्या उपरोधाची फोड करताना मी तासिका घालविल्या, तो चार वर्षांचे मूल येथे हसत हसत भोगते.

म्हणून परीक्षकाने पहिले वाचन शब्द झाकून करावे. पाने उलटीत जावे आणि बाईंचा प्रश्न स्वतःला विचारावा. नुसत्या चित्रांतून काही घडताना दिसते का? शब्दांत जे नाही ते चित्रात आहे का? ‘झाडाखाली ससा बसला’ असे लिहून शेजारी झाडाखाली बसलेला ससा काढला असेल, तर चित्राने हुकूम पाळला, गोष्ट सांगितली नाही.

या वाचनातच पान उलटण्याची किमयाही पाहावी. मोठ्या कागदाच्या घड्या घालून १६ पानांचा फर्मा होतो. म्हणून अशी पुस्तके बहुधा १६, २४ किंवा ३२ पानांची असतात. त्या मोजक्या पानांत कोठे थांबावयाचे आणि पुढील पानावर काय उघड करावयाचे, यातच कर्त्याचे कसब असते. मॉरिस सेंडॅक यांच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ या १९६३च्या पुस्तकात आरंभीची चित्रे लहान आहेत, भोवती पांढरी जागा आहे. नायक मुलाची कल्पना जसजशी मोकाट सुटते तसतशी चित्रे वाढत जातात आणि ऐन रंगात येतात तेव्हा तीन जोडपाने शब्दांवाचून व्यापतात. नंतर शब्द परततात, आणि अखेरच्या पानावर चित्र उरत नाही, केवळ शब्द उरतात. पानांच्या आकाराने येथे मनाची अवस्था सांगितली आहे. आपल्या हातातील पुस्तकात अशी एखादी तरी जागा आहे का, हे पाहावे.

कानाची परीक्षा

दुसरे वाचन मोठ्याने करावे. हे पुस्तक मूल वाचत नाही, ऐकते; तेव्हा भाषेचा निवाडा कानाने करावयाचा. मी तांबडी पेन्सिल घेऊन बसलो होतो ते डोळ्यांनी वाचीत होतो, आणि तेथेच फसलो. शुद्धलेखन हवेच, परंतु निर्दोष वाक्य निर्जीवही असू शकते. ‘बेडकाने पाण्यात उडी मारली’ हे वाक्य शुद्ध आहे. ‘बेडूक टुणकन उडाला आणि डुबुक्कन पाण्यात!’ हे मुलाच्या अंगात शिरते. टुणकन, सुर्रकन, धप्पकन, लुटूलुटू, गुबगुबीत, मिणमिण ही आपल्या भाषेची खास दौलत आहे. ज्या पुस्तकात ती मुळीच नाही आणि ज्या पुस्तकात ती प्रत्येक ओळीत उधळली आहे, अशा दोन्ही पुस्तकांविषयी सावध असावे.

आज मराठीतील पुष्कळ चित्रपुस्तके अनुवादित असतात. २०१५पासून ‘स्टोरीवीव्हर’सारख्या मुक्त संग्रहामुळे त्यांची संख्या आणखी वाढली आहे, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु अनुवाद पारखताना मराठीचा स्वभाव ओळखावा लागतो. आपल्याकडे हत्ती ‘तो’, खार ‘ती’ आणि कासव ‘ते’. एरिक कार्ल यांच्या ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ या १९६९च्या प्रसिद्ध पुस्तकाची गोष्ट मराठीत सांगू लागा. आरंभी ‘तो’ सुरवंट असतो, शेवटी ‘ते’ फुलपाखरू होते. रूपांतर व्याकरणातही घडते! चांगला अनुवादक अशा जागेवर अडखळत नाही, तिचा उपयोग करून घेतो.

याच पुस्तकावर एक आक्षेप घेतला जातो. कोसला विणतो तो पतंगाचा सुरवंट. फुलपाखरांचे सुरवंट बहुधा तसा विणीत नाहीत, त्यांची कात टाकून आतली कोषावस्था उघडी होते. इंग्रजी पुस्तकात शब्द आहे तो विणलेल्या कोसल्याचा. बोलीतल्या मराठीत ‘कोश’ हा एकच शब्द दोहोंसाठी चालत असल्याने आपल्याकडे ही चूक झाकली जाते. प्रश्न असा की एवढ्यावरून पुस्तक नाकारावे काय? मी नाकारणार नाही. भोके पाडलेल्या पानांतून बोट घालीत, वार आणि संख्या मोजीत जाणारे ते पुस्तक माहितीचे पुस्तक म्हणून आलेले नाही. परंतु जे पुस्तक ‘पक्ष्यांची ओळख’ म्हणून येते, त्यात बुलबुलाचा तुरा चुकलेला मी खपवून घेणार नाही. पुस्तक स्वतःविषयी जे वचन देते, त्यानुसार सत्याची मागणी करावी.

कोणाचे घर, कोणाचे अंगण?

तिसरी परीक्षा पुस्तकातल्या जगाची. घरात काम कोण करते? आई सदैव ओट्यापाशीच का? गोरे-सावळेपण कोणत्या पात्रांना वाटून दिले आहे? मूल स्वतः काही करते, की मोठ्यांचा उपदेश ऐकून शेवटच्या पानावर शहाणे होते? अखेरचा प्रश्न मला फार उशिरा सुचला, कारण बोध नाही ते पुस्तक पोरके, अशी माझी समजूत होती. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांनी ती घालविली. शब्द आणि चित्रे दोन्ही स्वतः करणाऱ्या या लेखिकेच्या ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकात घरातली माणसे आपापल्या स्वभावासह वावरतात, मूल त्यांना न्याहाळते, आणि उपदेशाची गरजच पडत नाही. २०१४ साली साहित्य अकादमीने त्यांना बालसाहित्य पुरस्कार दिला, तो मराठी चित्रपुस्तकाचाही सन्मान होता असे मी मानतो.

आपणा बडोदेकरांसाठी या परीक्षेला आणखी एक पदर आहे. आपल्या शिशुवर्गातील मूल अंगणात गुजराती बोलते, दूरदर्शनसंचावर हिंदी ऐकते आणि मराठी त्याला आजी-आजोबांकडून मिळते. गुजरातीत ‘मांकड’ म्हणजे ढेकूण! आमच्या वर्गात ‘माकड झाडावर चढले’ असे वाचताच एक मूल खो खो हसले. शिक्षिकेने समजावून सांगितले नाही, पान त्याच्यापुढे धरले. चित्राने क्षणात निवाडा केला, आणि त्या मुलाला दोन भाषांत दोन अर्थ असतात ही भाषाशास्त्रातली एक मोठी गोष्ट फुकटात कळली. १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे निघालेल्या कोमेनियसच्या ‘ऑर्बिस पिक्टुस’मध्येही चित्रांतील वस्तूंना आकडे घालून तेच आकडे लॅटिन आणि जर्मन शब्दांना जोडलेले होते. दोन भाषांमधला पूल म्हणून चित्राचा हा उपयोग इतका जुना आहे.

आपल्या भूमीलाही ही परंपरा नवी नाही. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१०मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून ग्रंथालयांची उभारणी केली. पुढे १९२०मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर निघाले. तेथे गिजुभाई बधेकांच्या जोडीला १९२३मध्ये ताराबाई मोडक गेल्या. गुजरातीत उमललेला तो बालशिक्षणाचा विचार ताराबाईंनी मराठीत आणला. दोन भाषांच्या शेजारातून मुलांचे कल्याण साधणे हा आपला वारसा आहे.

हाताची आणि काळाची परीक्षा

पुस्तकाच्या देहाकडेही पाहावे. लहान हातांना पेलेल असा आकार, बोट कापणार नाही असा कागद, उलगडून सपाट राहील अशी शिवण. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात. ओळींमध्ये पुरेसे अंतर नसेल तर त्यांची गर्दी होते. अक्षरे चित्राच्या गडद रंगावर छापलेली नसावीत. आणि ओळ तोडावी ती श्वास घ्यावयाच्या जागी; ‘आजीच्या’ एका ओळीत आणि ‘मांडीवर’ दुसऱ्या ओळीत, असे होऊ नये.

अखेरची परीक्षा मुलांची. पुस्तक वर्गात ठेवावे आणि “आवडले का?” असे विचारू नये, मुले मोठ्यांना हवे तेच उत्तर देतात. केवळ पाहावे. मूल मागे वळून पान पुन्हा उघडते का? चित्रावर बोट ठेवते का? दुसऱ्याला आपण होऊन सांगू लागते का? पहिल्या दिवशीच्या गलबल्यावर विसंबू नये. चकाकी, उघडझाप होणारे डोळे, बटण दाबताच वाजणारे गाणे यांची मोहिनी आठवड्यात ओसरते. पंधरा दिवसांनी पुन्हा जावे. तेव्हाही जे पुस्तक मागितले जाते, ते टिकले. मात्र मुलांनी लगेच जवळ केले नाही म्हणून पुस्तक टाकूनही देऊ नये. काही पुस्तके शांत असतात. ती कोणीतरी एकदा मांडीवर घेऊन वाचावी लागतात.

मित्रहो, ही सारी उठाठेव एका लहानशा निधीसाठी कशाला, असे कोणी विचारील. माझ्या विद्यार्थिदशेत या शाळेत मराठीच्या तीन तुकड्या भरत. आज एक भरविताना शिक्षकांना घरोघर जावे लागते. भाषा टिकवा म्हणून आपण ठराव करतो, परंतु चार वर्षांच्या मुलाला ठराव कळत नाही. त्याला एवढेच कळते की अमुक भाषेतल्या पुस्तकात मांजर सापडते, आणि अमुक भाषेतल्या पुस्तकात उपदेश सापडतो. पहिल्यांदा हाती आलेले मराठी पुस्तक कंटाळवाणे निघाले, तर तो दोष मुलाच्या नव्हे, मराठीच्या खाती जमा होतो. आणि निवड करणारा मात्र नामानिराळा राहतो. माझ्याकडून तसे एक वर्ष घडले आहे.

यंदाची निवड मी एकट्याने केलेली नाही. शिशुवर्गाच्या शिक्षिका, दोन माता आणि मी असे चौघे बसलो. पुस्तके आधी पंधरा दिवस वर्गात ठेवली. तांबडी पेन्सिल मी घरी ठेवून गेलो होतो. निवडलेली पुस्तके बाहेरच्या मेजावर मांडली आहेत. व्याख्यानानंतर आपण ती अवश्य पाहावीत, आणि पाहताना घाई करू नये. उलटलेले पान एकदा परत उलटावे आणि बाईंनी विचारले असते तेच विचारावे: काय चाललंय इथं?