आटे मोजा, मगच लेन्स फिरवा

नागापूर एमआयडीसीतल्या लेथ शॉपमध्ये व्हर्नियर आणि पिच गेज हाताशी असतातच. जुनी आट्यांची लेन्स कोणत्या कॅमेऱ्याची, हे ओळखायला सुरुवात त्यांच्यापासूनच करावी. गेजचं पातं आट्यांत बसवून उजेडासमोर धरा; मधून फट दिसली नाही, की पिच तेच.

व्यास 42 मिमी, पिच 1 मिमी: ही एम42. पेंटॅक्स स्पॉटमॅटिक, प्राक्टिका, नंतरचे झेनिट. व्यास तोच पण पिच 0.75 असेल, तर ते टी-माउंट. ते एम42च्या बॉडीत थोडं फिरतं आणि अडकतं. तिथे जोर लावू नका, आटे जातील, आणि नुकसान बॉडीचंही होईल.

खरी फसगत 39 मिमीत. लायकाचे आटे इंचाला 26, सुरुवातीच्या झेनिटचं पिच 1 मिमी. फरक इतका बारीक, की एकाची लेन्स दुसऱ्याच्या बॉडीत बसल्यासारखी वाटते. पण लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर लायकात 28.8 मिमी, झेनिटमध्ये 45.2. म्हणून लायकाची लेन्स झेनिटवर फक्त अगदी जवळचं टिपते. फोकसची कडीच नसेल, तर ती बहुधा एन्लार्जरची.

डिजिटलवर लावायची असेल, तरी हेच अंतर बघा. एम42चं 45.46 मिमी, कॅननच्या ईएफचं 44. पातळ रिंग पुरते. निकॉन एफचं 46.5, त्यामुळे साध्या रिंगने दूरचा डोंगर धूसरच राहतो. सोनी ई-माउंट मिररलेसचं अवघं 18, म्हणून तिथे अडॅप्टरला भरपूर जागा मिळते.