नावापुरता सॉफ्ट

मागच्या महिन्यात आठवीतल्या एका मुलीची अम्मी शाळेत मला भेटायला आली. मुलीला सोबतच आणलं होतं. सलाम-दुआ झाल्यावर तिने मुलीचा डावा तळहात उघडून माझ्यापुढे धरला. अंगठ्याखालचा भाग निळा पडला होता. ‘‘आपा, हा कसला खेळ शिकवता? नावात तर सॉफ्ट आहे म्हणे.’’

मला हसू येत होतं, पण आवरलं. पंचवीसेक वर्षांपूर्वी नेमकं त्याच जागी माझाही हात निळा झाला होता.

१९९७ साली दहावी पास होऊन मी तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजात गेले. उर्दू शाळेतून तिथे गेलेल्या आम्ही चौघीच. अकरावीला शारीरिक शिक्षणाचा तास सक्तीचा असायचा. आम्ही मैदानाच्या कडेला लिंबाखाली बसायचो, हजेरी द्यायचो आणि ओढण्या सावरत घरी यायचो. दिवाळीनंतर नव्या मॅडम आल्या. त्या स्वतः सॉफ्टबॉल खेळलेल्या. त्यांनी एक पोतं मैदानावर रिकामं केलं. आत जुने ग्लोव्ह, दोन बॅटी आणि काही चेंडू. मग लिंबाखाली येऊन म्हणाल्या, ‘‘संघाला नऊ जणी लागतात. माझ्याकडे सात आहेत.’’ आम्हा चौघींतल्या दोघी उठलो. बाकीच्या दोघी आजही म्हणतात की त्यांनी शहाणपणा केला.

क्रिकेट आपल्या घराघरात माहीत आहे, म्हणून त्याच्याच आधाराने सांगते. इथे तीन स्टंप नाहीत. मैदानावर एक चौकोन असतो, कोपऱ्यावर उभा केलेला. चार कोपऱ्यांपैकी एक होम, बाकीचे तीन बेस. एका बेसपासून दुसरा ६० फुटांवर. गोलंदाजाला पिचर म्हणतात आणि तिने चेंडू खांद्यावरून नाही, कमरेखालून हात फिरवून टाकायचा. बॅट गोल, आपल्या मुसळासारखी. क्रिकेटमध्ये चेंडू मागे तटवला तरी चालतो. इथे तो समोरच्या दोन रेषांच्या आतच गेला पाहिजे, आणि गेला की पळावंच लागतं. तुमच्या आधी चेंडू पहिल्या बेसवर पोहोचला की तुम्ही बाद. चारही कोपरे फिरून होमला परत आलात तर एक धाव. तिघी बाद झाल्या की बाजू बदलते. अशा सात पाळ्या.

आणि चेंडू? क्रिकेटच्या चेंडूचा घेर नऊ इंच, याचा बारा. वजनही जास्त. मॅडमनी नावाची गोष्ट सांगितली होती. १८८७ साली अमेरिकेत शिकागोच्या एका क्लबात काही तरुण बसले होते. एकाने बॉक्सिंगचा ग्लोव्ह भिरकावला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गृहस्थाने तोच ग्लोव्ह दोरीने बांधून त्याचा चेंडू केला आणि बंद हॉलमध्ये खेळ सुरू झाला. तेव्हा चेंडू खरोखर मऊ होता. पुढे खेळ मैदानावर आला, चेंडू टणक झाला, नावात मात्र सॉफ्टच राहिलं.

पहिल्या दिवशी मला चेंडू झेलता आला नाही हे ठीकच. फेकताही आला नाही, याची लाज जास्त वाटली. दहा पावलांवरच्या मुलीकडे फेकलेला चेंडू माझ्याच पायाशी पडला. कुंपणाबाहेरून कुणीतरी हसलं. ‘मुलींना फेकता येत नाही,’ हे वाक्य मी तोवर खरं मानत होते. मॅडमनी खांदा धरून मला आडवं उभं केलं. डावा पाय पुढे, उजवा कोपर खांद्याच्या उंचीवर, आणि आधी कंबर वळू दे, हात मागून येईल. महिनाभरात माझा चेंडू तिसऱ्या बेसवरून पहिल्या बेसपर्यंत जायला लागला. माझ्या भावाला हे कुणी शिकवलं नव्हतं हे खरं, पण सहा वर्षांचा असल्यापासून तो गल्लीत दगड मारून चिंचा पाडत होता. मी तेव्हा आत भांडी लावत होते. फरक एवढाच होता.

झेलणं त्याहून अवघड. चेंडू अंगावर आला की मान आपोआप वळते, डोळे मिटतात. मॅडम म्हणायच्या, ‘‘डोळे मिटलेस तर लागेल. बघत राहिलीस तर हातात येईल.’’ खालून आलेल्या चेंडूला बोटं जमिनीकडे, छातीच्या वर आलेल्याला बोटं आभाळाकडे. ग्लोव्ह डाव्या हातात, उजवा हात झाकणासारखा शेजारी. चेंडू आला की हात थोडा मागे न्यायचा, नाहीतर तळहात निळा होतो. माझा झाला, अम्मीने हळद लावली आणि ‘कॉलेजात पडले’ या माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवला. निदान तसं दाखवलं.

माझ्या वाट्याच्या ग्लोव्हची वादी तुटलेली होती. मी तो दप्तरात लपवून घरी आणला. अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. त्यांनी तो हातात घेतला, उलटापालटा केला आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या चांभाराकडून चामड्याची वादी आणून स्वतः ओवली. वर थोडं तेलही चोळलं. ‘‘कशाला लागतो हा?’’ ‘‘कॉलेजात.’’ एवढंच बोलणं झालं.

त्या वर्षी रमजान जानेवारीत आला. दिवस लहान, हवा थंड. सहेरी करून, फजर पढून आम्ही दोघी सकाळीच मैदानावर जायचो. मॅडमनी आम्हाला पळण्यातून सूट दिली होती, पण झेलायला मात्र उभं करायच्या. ओढणी छातीवरून आडवी घेऊन मागे गाठ मारायची, डोक्याला स्कार्फ. कुणी काही म्हटलं नाही. रोजा असताना झेललेले ते चेंडू मला आजही आठवतात. इतकं लक्ष माझं नंतर कशातच लागलं नाही.

ईद झाली आणि जिल्ह्याच्या स्पर्धेची चिठ्ठी आली. दोन दिवस, एक रात्र मुक्काम. पालकांच्या सहीचा फॉर्म मी भूगोलाच्या वहीत तीन दिवस ठेवला आणि चौथ्या दिवशी कोरा परत केला. ‘‘घरी नाही म्हणतात.’’

घरी कुणी नाही म्हटलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. चुलत बहिणीच्या सहलीवरून मोहल्ल्यात काय काय बोललं गेलं ते मी ऐकलं होतं, आणि अब्बांचं उत्तर मीच स्वतःला देऊन टाकलं. माझ्या जागी ऐनवेळी कुणाला तरी उभं केलं गेलं, संघ पहिलाच सामना हरला. मॅडम मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढे बी.एड. झालं, उर्दू हायस्कूलमध्ये नोकरी लागली. खेळाचं काम घ्यायला कुणी तयार नव्हतं म्हणून ते माझ्याकडे आलं. जेवताना हे घरी सांगितलं तेव्हा अब्बांनी अचानक विचारलं, ‘‘तो हातमोजा नीट झाला होता ना? मग तुझी मॅच कधी झालीच नाही?’’ मी खरं ते सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘मी कदाचित नाहीच म्हणालो असतो. पण विचारायचं होतंस.’’

ऑलिम्पिकमध्ये जपानची युकिको उएनो खेळताना पाहिली तेव्हा हे सगळं वर आलं. २००८ साली बीजिंगमध्ये तिने दोन दिवसांत तीन सामने टाकले, ४१३ चेंडू, आणि जपानने अमेरिकेला हरवून सुवर्ण घेतलं. त्यानंतर सॉफ्टबॉल ऑलिम्पिकमधून गेला. तेरा वर्षांनी टोकियोत परत आला तेव्हा ती ३९ वर्षांची होती, आणि पुन्हा जिंकली. माझ्याहून वर्षभराने लहान. मी टीव्हीसमोर भाजी निवडत बसले होते आणि डावा हात नकळत मागे जात होता.

तर ती अम्मी. तिला मी ग्लोव्ह घालून दाखवला, निळेपणा का येतो ते सांगितलं. तिने मग खरा प्रश्न विचारला. तालुक्याला सामना आहे म्हणे, सोबत कोण, परत कधी? हे प्रश्न आई-बापाने विचारायलाच हवेत, त्यात मागासलेपण काही नाही. म्हणून आमच्या फॉर्मवर मी आता आधीच लिहिते: सोबत दोन शिक्षिका, मुक्काम नाही, मगरिबच्या आत शाळेत परत. तिने तो वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवायला लागली. ‘‘हिच्या अब्बांना विचारते.’’

‘‘तुम्ही नका विचारू,’’ मी म्हटलं, ‘‘तिलाच विचारू द्या.’’ फॉर्म मुलीच्या हातात गेला. ती फरशीकडे बघत होती.

शेवटची तारीख सोमवार आहे. आज शुक्रवार, फॉर्म अजून आलेला नाही. ग्लोव्ह मात्र तिने काल घरी नेला.