आवडीत हसायचे कुणाबरोबर?

मराठी कानाला गावाचे नावच गोड: आवडी! चेन्नईचे हे उपनगर रणगाड्यांच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध. महाराष्ट्रातून बदलीवर इथे येणाऱ्या कुटुंबात मुले शाळेत चटकन तमिळ उचलतात. संध्याकाळी ती टीव्हीपुढे खो खो हसतात, आणि शेजारी बसलेली आई नुसतीच त्यांच्या तोंडाकडे पाहते.

अशा घरासाठी ‘पंचायत’ (२०२०) उत्तम. शहरी पदवीधर खेड्यात ग्रामपंचायतीचा सचिव होतो आणि चाकांच्या एका खुर्चीवरून चक्क रुसवेफुगवे होतात! या मालिकेचे तमिळ रूप ‘तलैवेट्टियान पाळयम’ २०२४ मध्ये आले. त्यातला सचिव तर चेन्नईचाच. आधी हिंदी भाग पाहावा, मग तमिळ. प्रसंग ठाऊक असला की शब्दांचे अडत नाही. आईही मुलांबरोबरच हसते.

ती संपली की ‘ऑफिस ऑफिस’ (२००१) आहेच. मुसद्दीलालचे कार्यालय दर वेळी नवे, टोलवाटोलवी करणारे चेहरे मात्र तेच!

आणि ‘वागळे की दुनिया’ (१९८८)? वागळे मराठी खरे, पण त्यांना जन्म दिला म्हैसूरच्या तमिळ घरातल्या आर. के. लक्ष्मण यांनी. २०२१ मध्ये वागळ्यांची पुढची पिढी पडद्यावर आली, तेव्हा अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर आजी-आजोबा झाले होते.