वकिलांच्या कुजबुजीचा ताळेबंद

२०१२च्या पहिल्या काही महिन्यांत न्यूयॉर्कच्या ‘द अमेरिकन लॉयर’ या मासिकाला स्वतःच छापलेला एक आकडा खाली आणावा लागला. ड्यूई अँड लबफ या बड्या लॉ फर्मचे २०११चे उत्पन्न मासिकाने ९३.५ कोटी डॉलर दिले होते. दुरुस्तीनंतर ते ७८.२ कोटींवर आले. हजारावर वकील पदरी असलेली ही फर्म २००७मध्ये दोन जुन्या फर्मांच्या विलीनीकरणातून उभी राहिली होती. नावातले ड्यूई म्हणजे न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर आणि १९४८ची अध्यक्षपदाची निवडणूक हरलेले टॉमस ड्यूई. आकड्याची दुरुस्ती होईतो एकेक भागीदार आपापले पक्षकार घेऊन दुसऱ्या फर्मांच्या वाटेला लागला होता, आणि २८ मे २०१२ रोजी फर्मने दिवाळखोरीचा अर्ज केला. अमेरिकेतल्या लॉ फर्मांच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी दिवाळखोरी ठरली. कोण निघाले, कोणाचे पैसे थकले, याची चर्चा वकिलांच्या वर्तुळात आधीपासूनच सुरू होती. वावड्या म्हणून झटकून टाकलेल्या त्या गोष्टी फर्मच्या अधिकृत आकड्यांपेक्षा खऱ्याच्या जास्त जवळ निघाल्या.

वकिली पेशातले गॉसिप म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असा सर्वसाधारण समज आहे. कोणत्या फर्ममधून कोण फुटले, बोनस किती मिळाला, कोणाची भागीदारी हुकली, यात बाहेरच्या माणसाला काय रस असणार? पण ज्या व्यवसायात हिशेब उघड होत नाहीत, जाहिरातीला बंदी किंवा कडक मर्यादा असते आणि सगळे भांडवल माणसांच्या रूपात असते, त्या व्यवसायात या कुजबुजीला ताळेबंदाची जागा घ्यावी लागते. ती नेहमी बरोबर असते असे नाही. मात्र ती कशामुळे निर्माण होते आणि कोणाच्या उपयोगी पडते हे पाहिले, तर तिच्यावर नाक मुरडण्याआधी दोनदा विचार करावा लागेल.

शेअर बाजारात नोंदलेली कंपनी दर तिमाहीला निकाल जाहीर करते. लॉ फर्मचे तसे नसते. ती बहुतेक ठिकाणी भागीदारी असते आणि वकील नसलेल्या माणसाला तिच्यात हिस्सा घेता येत नाही. त्यामुळे बाहेरचा भागधारक नाही, शेअरचा भाव नाही, वार्षिक सभेत उठून प्रश्न विचारणारा कोणी नाही. त्यातच अमेरिकेतल्या वकिली आचारसंहितेनुसार फर्म सोडणाऱ्या वकिलाला ‘तू प्रतिस्पर्ध्याकडे काम करायचे नाहीस’ अशा कराराने बांधता येत नाही, कारण वकील निवडण्याचा हक्क पक्षकाराचा मानला जातो. परिणामी मोठा भागीदार निघाला की त्याच्यासोबत त्याचे पक्षकार निघतात, पक्षकारांसोबत फी निघते आणि फीच्या भरवशावर घेतलेले कर्ज मात्र मागे राहते. अशा ठिकाणी ‘अमुक जण चालले म्हणे’ या वाक्याला पैशात मोजता येणारी किंमत असते. ऋण देणारी बँक, नोकरीला लागू पाहणारा पदवीधर, फर्मकडे खटला सोपवणारी कंपनी, या तिघांनाही ते वाक्य वेळेवर कळायला हवे असते.

हे वाक्य छापून येऊ लागले त्यालाही एक इतिहास आहे. १९७०च्या दशकापर्यंत अमेरिकेतही वकिलाने जाहिरात करणे निषिद्ध होते. फिनिक्समधल्या दोन तरुण वकिलांनी वर्तमानपत्रात दरपत्रक छापले. उभयपक्षी संमतीच्या घटस्फोटाला १७५ डॉलर, वर कोर्टाची फी २० डॉलर, असा साधा मामला. बारने त्यांच्यावर कारवाई केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७७मध्ये पाच विरुद्ध चार अशा बहुमताने न्यायालयाने अशा जाहिरातीला मोकळीक दिली. दोनच वर्षांनी, १९७९मध्ये, स्टीव्हन ब्रिल यांनी ‘द अमेरिकन लॉयर’ सुरू केले. १९८५पासून ते बड्या फर्मांची उत्पन्नानुसार यादी छापू लागले आणि प्रत्येक भागीदाराच्या वाट्याला सरासरी किती नफा आला, हे सगळ्या जगाला दिसू लागले. तोवर शेजारच्या फर्ममधला आपल्या तोडीचा भागीदार किती कमावतो, हे भागीदारांनाही नीट ठाऊक नसायचे.

या उघडेपणाचा सर्वांत स्पष्ट फायदा नवख्या वकिलांना झाला. न्यूयॉर्कची क्रॅव्हथ ही फर्म १९६८मध्ये नव्या पदवीधराला वर्षाला १५,००० डॉलर देऊ लागली आणि इतरांना तिच्यामागे जावे लागले. ती पद्धत आजही टिकून आहे. एका फर्मने पगारवाढीचे अंतर्गत पत्रक काढले की ते त्याच दिवशी शहरभर होते आणि काही दिवसांत बाकीच्या फर्मा तेच कोष्टक लावतात. २००७पासून १,६०,००० डॉलरवर अडलेला पहिल्या वर्षाचा पगार २०१६मध्ये १,८०,००० झाला, २०१८मध्ये १,९०,००० आणि २०२३च्या अखेरीस २,२५,०००. या वकिलांची कामगार संघटना नाही, सामूहिक करार नाही. फुटलेल्या पत्रकाने त्यांच्यासाठी संघटनेचे काम केले. पगार गुप्त राहिला असता तर ज्याला घासाघीस जमते त्याला जास्त आणि ज्याला जमत नाही त्याला कमी, हाच न्याय चालू राहिला असता.

यावर पहिला गंभीर आक्षेप असा, की कुजबुजच फर्म बुडवते. बँक बुडणार अशी आवई उठली की धडधाकट बँकेपुढेही रांग लागते, तसेच भागीदारांचे होते. हा आक्षेप पोकळ नाही. येल विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक जॉन मॉर्ली यांनी लॉ फर्मा इतक्या झपाट्याने का कोसळतात याची चिकित्सा केली आहे. मालक आणि काम करणारे एकच असल्यामुळे नफा घटला की थेट भागीदाराचे उत्पन्न घटते. एक जण निघतो, उरलेल्यांचा वाटा आणखी घटतो, मग दुसरा निघतो. शेवटी मागे राहणाऱ्याला देण्यांचा भार सोसावा लागणार म्हणून सगळेच दाराकडे धावतात. पण या विवेचनात धावपळीचे मूळ मालकीच्या रचनेत आहे, बातमीत नाही. शिवाय ड्यूईत बातमीने निरोगी माणसाला आजारी पाडले असे म्हणता येत नाही. फर्मने सुमारे शंभर भागीदारांना नफा होवो न होवो, ठरावीक रकमेची हमी देऊन ठेवली होती. तिच्या काही पदाधिकाऱ्यांवर पुढे खटला भरला गेला, तेव्हा ‘खोटे उत्पन्न’ आणि ‘हिशेबाच्या क्लृप्त्या’ अशी भाषा असलेले त्यांचे आपसातले ईमेल अभियोग पक्षाने पुढे आणले. पहिल्या खटल्यात ज्युरीचे एकमत झाले नाही. २०१७च्या दुसऱ्या खटल्यात मुख्य वित्त अधिकारी दोषी ठरले आणि कार्यकारी संचालक निर्दोष सुटले. हा खटला चालवणाऱ्या मॅनहॅटनच्या जिल्हा अभियोक्ता कार्यालयाचे प्रमुखपद एके काळी टॉमस ड्यूई यांनीच भूषवले होते. कोंबडे झाकून ठेवल्याने तांबडे फुटायचे राहत नाही. झाकणाऱ्याची उठायची वेळ तेवढी चुकते. शेवटी जुन्या भागीदारांना मिळून सुमारे सात कोटी डॉलर परत द्यावे लागले. खरी स्थिती दोन वर्षे आधी उघड झाली असती, तर हे बिल लहान असते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. या याद्यांनी वकिलीचा पेशा बाजारात आणून बसवला, भागीदार निष्ठा सोडून बोली लावणाऱ्याकडे जाऊ लागले आणि क्रमवारीत वर दिसण्यासाठी आकडे फुगवण्याचा मोह झाला. यातला शेवटचा मुद्दा ड्यूईनेच सिद्ध केला. मोजमाप छापायला लागले की मोजमापासाठी जगणे सुरू होते, हे मान्यच करावे लागेल. पण त्याआधीचा काळ सात्त्विक होता ही समजूत तपासून पाहावी. दर गुप्त होते तेव्हा घटस्फोटासाठी आलेल्या सामान्य माणसाला किती पैसे लागतील हेही आधी कळत नव्हते. शिवाय सगळी कुजबुज पैशाची नसते. मार्च २०२५पासून अध्यक्ष ट्रम्प यांनी काही बड्या फर्मांविरुद्ध एकामागून एक आदेश काढले. पर्किन्स कुई, जेनर अँड ब्लॉक, विल्मरहेल आणि सुसमन गॉडफ्री या फर्मा न्यायालयात गेल्या आणि तिथे जिंकल्या. पॉल वाइस या फर्मने चार कोटी डॉलरची विनामूल्य वकिली देऊ करून तडजोड केली आणि आणखी आठ फर्मा त्याच वाटेने गेल्या. कोणी कणा दाखवला, कोणी वाकणे पसंत केले आणि त्यानंतर कोण कुठून बाहेर पडले, ही त्या वर्षातली सर्वांत जास्त चघळली गेलेली बातमी होती. तिच्यात बोनसचा आकडा नव्हता. आपला वकील सत्तेपुढे किती वेळ उभा राहील, हे प्रत्येक पक्षकाराला जाणून घ्यायचेच असते.

आपल्याकडे पडदा अधिक जाड आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६नुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही. पाटीसुद्धा माफक आकाराची हवी आणि आपण पूर्वी न्यायाधीश होतो असे तिच्यावर लिहायचे नाही. २००८मध्ये संकेतस्थळाला परवानगी मिळाली ती नाव, पत्ता, पात्रता, कामाचे क्षेत्र अशा मोजक्या तपशिलापुरती. दलालांना आणि खोट्या दाव्यांना आळा घालण्यासाठी हे ठीकच. पण अधिकृत माहितीची वाट अरुंद केली की लोक विचारायचे थांबत नाहीत, बार रूममध्ये विचारतात. १९१७ साली स्थापन झालेल्या अमरचंद मंगलदास या फर्ममधल्या दोन भावांचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१५मध्ये तिच्या मुंबई आणि दिल्ली अशा दोन स्वतंत्र फर्मा झाल्या. कोणता भागीदार कोणत्या भावाकडे, हा तेव्हा शेकडो वकिलांच्या आणि त्यांच्या पक्षकारांच्या पोटापाण्याचा प्रश्न होता. त्याहून लहान आणि रोजचा प्रश्न जिल्हा न्यायालयातल्या ज्युनिअरचा. ऑक्टोबर २०२४मध्ये बार कौन्सिलने ज्युनिअरला शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. शिफारस बंधनकारक नाही. सनद हातात घेऊन आलेल्या मुलीला कोणते सीनिअर पैसे देतात, कोणते नुसत्याच तारखा घ्यायला पाठवतात, हे कोणत्याही परिपत्रकात सापडत नाही. ते तिला तिच्या आधी तिथे राबलेली दुसरी ज्युनिअरच सांगते.

इथे तिसरा आक्षेप येतो, आणि त्याला सोपे उत्तर नाही. कुजबुज माणसे उद्ध्वस्त करते आणि त्यात बाई असेल तर जास्तच. एखादीला भागीदारी मिळाली की ती कशी मिळाली याच्या कहाण्या तयार होतात. तिच्या जागी पुरुष असता तर त्या झाल्या नसत्या. असल्या चारित्र्याच्या चर्चेचे समर्थन करता येणार नाही. पण त्याच बार रूममध्ये ‘त्यांच्या चेंबरला संध्याकाळी एकटी जाऊ नकोस’ असा इशाराही हळू आवाजात फिरतो. २०१३च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यानुसार तक्रारीचा तपशील प्रसिद्ध करता येत नाही, आणि तक्रारदाराच्या हितासाठी तेच योग्य आहे. पण २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले, की वकील आणि बार कौन्सिल यांच्यात मालक-नोकर असे नाते नसल्याने त्या कायद्याखालची समिती वकिलांविरुद्धच्या तक्रारींसाठी लागू होत नाही. दाद वकील कायद्याच्या शिस्तभंगाच्या तरतुदीखाली मागावी. समितीचे दारच नसेल, तर तरुण वकील मुलीकडे त्या इशाऱ्याखेरीज फारसे दुसरे संरक्षण उरत नाही. त्यामुळे फरक करायचा तो मजकुरात. कोणाच्या खासगी आयुष्याची चर्चा ही चहाडी; ज्याच्या हाती दुसऱ्याची नोकरी, पगार किंवा सुरक्षितता आहे, तो ती कशी वापरतो याची चर्चा ही माहिती.

पक्षकाराच्या गुप्ततेचा मुद्दाही याच कसोटीवर सुटतो. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाने बाहेर फोडू नये, हा कायदा आहे आणि तो निर्विवाद राहिला पाहिजे. मात्र ज्युनिअरला पगार किती, वर्षभरात किती जण सोडून गेले, यात कोणत्याही पक्षकाराचे गुपित नसते. फर्मा अनेकदा स्वतःची झाकपाक पक्षकाराच्या गुप्ततेच्या चादरीखाली सरकवतात.

अफवेवर उपाय काय, हे शेअर बाजाराने दाखवून दिले आहे. ‘सेबी’ने जून २०२४पासून सर्वांत मोठ्या १०० आणि डिसेंबरपासून २५० नोंदणीकृत कंपन्यांवर बंधन घातले, की प्रमुख माध्यमांत अफवा आली आणि त्यामुळे शेअरचा भाव लक्षणीय हलला, तर २४ तासांच्या आत ती मान्य करा, फेटाळा किंवा खुलासा करा. अफवा पसरवणाऱ्याला धरण्याबरोबर उत्तर देण्याची जबाबदारी ज्याच्याकडे खरी माहिती आहे त्याच्यावर टाकली, हा त्यातला शहाणपणा. लॉ फर्मांना शेअरचा भाव नाही, तेव्हा हाच नियम जसाच्या तसा लागू होणार नाही. पण ज्युनिअरचा किमान मेहनताना, भागीदारांची आणि त्यातल्या स्त्रियांची संख्या, वर्षभरात सोडून गेलेल्यांचे प्रमाण, तक्रार समिती आहे की नाही, एवढे चार-पाच तपशील संकेतस्थळावर देण्याची सक्ती बार कौन्सिल करू शकते. त्यासाठी जाहिरातबंदी उठवायचीही गरज नाही. २०२३ आणि २०२५च्या नियमांनी परदेशी फर्मांना मर्यादित प्रवेश दिल्यानंतर तर हे अधिकच निकडीचे आहे, कारण त्या फर्मांचे आकडे त्यांच्या देशात दरवर्षी छापले जातात आणि इथल्या तरुण वकिलाने तुलना करायची म्हटली, तर एका बाजूला कोष्टक आणि दुसऱ्या बाजूला कानगोष्ट असा प्रकार होईल. न्यायालयात रोज समोरच्याकडे कागद मागणाऱ्या या पेशाला स्वतःचे चार कागद पुढे ठेवणे जड जाऊ नये. ते ठेवले तरी कुजबुज राहीलच, पण मग तिच्यावर कोणाचे करिअर आणि कोणाचे कर्ज अवलंबून राहणार नाही.