कुरण एका तालुक्यात, कळप दुसऱ्यात

भिवंडी म्हटलं की यंत्रमागांची खडखड आणि गोदामांच्या रांगा आठवतात. पण भातकापणी उरकली की भिवंडी-वाडा पट्ट्यातल्या मोकळ्या खाचरांत घाटावरची मेंढरं उतरतात. पारनेरच्या ढवळपुरीसारख्या गावांतले धनगर दसरा-दिवाळीच्या सुमारास घोड्यांवर बिऱ्हाड लादून निघतात आणि सह्याद्री पायी उतरून कोकणात येतात.

आल्यावर जे घडतं ते चकित करणारं आहे. शेतकरी आपल्या रानात मेंढरं ‘बसवून’ घेतो. संध्याकाळी खाचरात वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, ताणलं जातं आणि कळप रात्रभर आत रवंथ करतो. दिवसा चरलेली धसकटं आणि बांधावरचा पाला यांचं खत होऊन थेट मातीत पडतं. मुतातलं नत्र लगेच जिरतं, लेंड्या सावकाश कुजतात. सकाळी वाघर उचलून पुढच्या खाचरात. ना गाडी, ना मजूर. खत स्वतःच्या पायांनी येतं! मोबदला धान्यात किंवा रोख मिळतो.

मात्र कोकणचा पाऊस दख्खनी मेंढीला सोसत नाही, ओल्या चिखलात खूर सडतात. म्हणून मृगाआधी परतायचं. आणि इथे खरं कोडं सुरू होतं. घाटावर रान हिरवंगार, पण शेतं पेरलेली आणि वनखात्याच्या रोपवनांत चराईबंदी. सगळीकडे गवत दिसतं तेव्हाच मेंढीची सर्वांत जास्त ओढाताण होते.

सरकारी पैसा नेमका या फटीत पोचलाय, हे विशेष. पुण्याच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळामार्फत 2017 पासून राजे यशवंतराव होळकर महामेष योजना राबवली जाते. भटक्या जमाती-क प्रवर्गातल्या लाभार्थ्याला 20 मेंढ्या आणि 1 नर असा गट 75 टक्के अनुदानावर मिळतो. शिवाय जून ते सप्टेंबर चराईसाठी दरमहा 6,000, म्हणजे चार महिन्यांचे 24,000 रुपये अनुदान आहे.

उरलेल्या आठ महिन्यांचं काय? सरकारी गुंतवणुकीला बहुधा पत्ता लागतो: शेड, विहीर, इमारत. चालत्या कळपाचं कुरण मात्र दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर असतं. स्पेनने 1995 च्या कायद्यानं मेंढपाळांच्या जुन्या वाटा सार्वजनिक मालमत्ता म्हणून जपल्या. संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष कुरणं आणि पशुपालकांना वाहिलंय. आपल्याकडे घाटवाटांवर पाण्याचे हौद आणि पायथ्याशी लसीकरण झालं, तर तीही कुरणातलीच गुंतवणूक ठरेल.

भिवंडीतून निघणारा 61 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे जातो. त्याच रस्त्याच्या जोरावर गोदामं वाढतात आणि प्रत्येक नवं गोदाम काही खाचरं गिळतं. पारनेरच्या मेंढपाळाचा हिवाळा कसा जाईल, हे त्यामुळे पुण्यातल्या अनुदानाइतकंच भिवंडीच्या जमीन-आराखड्यावर ठरतं.